एकच प्रश्न, चाळीस वर्षं : थॉमस क्रेमर आणि क्रोमोसोमच्या हद्दी

रानजाई

ज्यांनी कधी फिश टेस्टचा (पेशीतल्या क्रोमोसोमवर, म्हणजे गुणसूत्रांवर, चमकणारे ठिपके लावून ते मोजायची तपासणी) रिपोर्ट हातात घेतलाय, म्हणजे गरोदरपणात गर्भजलाची तपासणी झाली असेल किंवा घरात कुणाला ब्लड कॅन्सरचा संशय आला म्हणून बोन मॅरो लॅबला पाठवलं असेल, त्यांच्यासाठी आणि एरवीही बायोलॉजीची आवड असणाऱ्या सगळ्यांसाठी हा धागा काढतेय. थॉमस क्रेमर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाबद्दल लिहायचंय. मी स्वतः सायटोजेनेटिक्स लॅबमध्ये, म्हणजे जिथे क्रोमोसोम तपासतात तिथे, काम करते. आमच्या क्षेत्रातल्या लोकांनासुद्धा हे नाव फारसं माहीत नसतं आणि ते मला मनापासून खटकतं, कारण आम्ही रोज जे काम करतो त्याच्या मुळाशी ह्या माणसाने तरुणपणी धरलेला आणि म्हातारपणापर्यंत न सोडलेला एक प्रश्न आहे.

प्रश्न तसा साधा. पेशी विभागत असते तेव्हा क्रोमोसोम सुटे, जाडसर दिसतात, शाळेच्या पुस्तकात तोच फोटो असतो. पण पेशी विभागत नसते तेव्हा, आणि बहुतेक पेशी बहुतेक वेळ विभागत नसतातच, तेव्हा क्रोमोसोम दिसत नाहीत, सगळा डीएनए न्यूक्लियसभर पसरलेला असतो. माणसाच्या एका पेशीत साधारण २ मीटर डीएनए आणि न्यूक्लियस मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास. मग त्या काळात ते ४६ क्रोमोसोम नक्की कसे असतात? एकमेकांत पार गुंतलेले, का प्रत्येकजण आपापली हद्द धरून?

जुन्या लोकांना वाटायचं हद्द असते. कार्ल राब्लने १८८५ मध्ये सॅलमॅंडरच्या पेशी बघून तसं सुचवलं, मग थिओडोर बोव्हेरीने १९०९ मध्ये अस्कॅरिस नावाच्या जंताच्या भ्रूणांवर फार बारकाईने काम करून तेच मांडलं आणि टेरिटरी हा शब्दही वापरला. पण पुढे १९५०-६० च्या दशकात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप वापरात आला, लोकांनी न्यूक्लियसचे पातळ काप करून बघितले आणि त्यात कुठेच कुंपण दिसेना, नुसते धागेच धागे. त्यामुळे न्यूक्लियस म्हणजे शिजवलेल्या शेवयांचं भांडं, असं चित्र पक्कं झालं आणि बोव्हेरीचं म्हणणं बाजूला पडलं.

अशा वेळी क्रेमर ह्यात पडले. जन्म १९४५ चा, बव्हेरियातल्या मीसबाखचा, शिक्षण डॉक्टरकीचं. १९७० च्या दशकात फ्रायबुर्गच्या ह्यूमन जेनेटिक्स इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी आणि त्यांचा भाऊ क्रिस्टोफ, जो फिजिक्सवाला, दोघांनी मिळून एक यूव्ही लेझर मायक्रोस्कोपला जोडला आणि त्याने जिवंत पेशीच्या न्यूक्लियसवर एकाच बारीक ठिपक्यावर मारा करता येईल अशी सोय केली. त्यातून १९७९ आणि १९८२ मध्ये जे पेपर आले त्यांनी सांगितलं की शेवयांचं चित्र चूक आहे, हद्द आहे. आणि गंमत नाही, खरंच सांगते, ते फारसं कुणाच्या गळी उतरलं नाही. कारण पुरावा अप्रत्यक्ष होता.

मग हा माणूस हायडेलबर्गला गेला, तिथून काही काळ अमेरिकेत येल विद्यापीठात डेव्हिड वॉर्डच्या लॅबमध्ये, परत हायडेलबर्ग, आणि १९९६ मध्ये म्युनिकच्या लुडविग मॅक्सिमिलियन विद्यापीठात अँथ्रोपोलॉजी आणि ह्यूमन जेनेटिक्सची चेअर (प्रमुख प्रोफेसरची जागा) मिळाली. म्हणजे स्वतःची मोठी गादी मिळाली तेव्हा वय पन्नाशीला टेकलेलं. तोवर प्रश्न तोच, फक्त हत्यार बदलत गेलं. आधी लेझर, मग रंगीत प्रोब (ठरावीक क्रोमोसोमला जाऊन चिकटणारे, खूण लावलेले डीएनएचे तुकडे), मग कॉन्फोकल (थराथराने फोटो घेणारा मायक्रोस्कोप), मग सुपर रिझोल्यूशन (साध्या मायक्रोस्कोपहून बारीक दाखवणारा). आणि मला जे सांगायचंय ते हेच की हत्यार प्रश्नासाठी बनवलं गेलं आणि तेच हत्यार पुढे आमची टेस्ट झालं. १९८६ च्या एका पेपरमध्ये त्यांच्या गटाने विभागत नसलेल्या पेशीत १८ नंबरच्या क्रोमोसोमचे ठिपके मोजून ट्रायसोमी १८ (तो क्रोमोसोम दोनाऐवजी तीन असणं) ओळखता येते हे दाखवलं. इंटरफेज (म्हणजे पेशी विभागत नसतानाचा काळ) सायटोजेनेटिक्स म्हणतात ते हे. आज कुठल्याही मोठ्या शहरातल्या लॅबमध्ये ते रोज होतं.

तुमच्यापैकी कुणी ह्या क्षेत्रातलं असेल तर लिहा प्लीज. प्रश्न असतील तरी विचारा, जेवढं माहीत आहे तेवढं सांगते.

---

भालचंद्र_सांगली

रानजाई ताई, उत्तम धागा. मी निवृत्त शिक्षक, विज्ञान शिकवायचो, आणि हद्दीचा हा विषय आम्ही वर्गात कधी काढलाच नाही कारण पुस्तकातच नव्हता. एक विचारतो. क्रोमोसोम दिसतच नाहीत म्हणता, मग लेझर मारून हद्द आहे हे कळलं कसं? ते जरा उलगडून सांगा, घाई नाही.

---

रानजाई

काका, तोच तर सगळ्यात सुंदर भाग आहे, बरं झालं विचारलंत.

त्यांनी चायनीज हॅमस्टरच्या पेशी घेतल्या. ह्या प्राण्यात क्रोमोसोम फक्त २२, त्यामुळे ओळखायला सोपे. आता जिवंत पेशीच्या न्यूक्लियसवर एका कोपऱ्यात २५७ नॅनोमीटरच्या यूव्ही लेझरचा बारीक ठिपका मारायचा. तिथला डीएनए खराब होतो. पेशी लगेच दुरुस्तीला लागते, आणि दुरुस्ती करताना नवीन डीएनएचे तुकडे घालते. तेव्हाच बाहेरून किरणोत्सारी थायमिडिन (डीएनएचा एक घटक) दिलं की जिथे दुरुस्ती झाली तिथेच ते बसतं. म्हणजे जखमेच्या जागी खूण झाली. आता त्या पेशीला विभागू द्यायचं. विभागायला लागली की क्रोमोसोम सुटे होतात, मग त्यावर फोटोग्राफिक इमल्शन चढवून अंधारात ठेवायचं आणि खूण कुणाकुणावर उमटली ते चांदीच्या काळ्या कणांवरून बघायचं.

आता विचार करा. सगळे क्रोमोसोम न्यूक्लियसभर पसरून एकमेकांत गुंतलेले असतील तर एका ठिपक्यात बहुतेक सगळ्यांचा थोडा थोडा तुकडा सापडणार, आणि काळे कण सगळ्यांवर विखुरलेले दिसणार. पण प्रत्येकाची हद्द वेगळी असेल तर ठिपक्याखाली दोनचारच सापडणार, आणि कण त्यांच्यावरच दाटीने दिसणार, बाकीचे कोरे. दुसरं झालं. मोजकेच क्रोमोसोम खुणावले गेले होते, बाकीचे कोरे.

जी गोष्ट डोळ्याला दिसत नाही तिला असा प्रश्न घालायचा की तिचं उत्तर दिसणाऱ्या गोष्टीत उमटेल. मला अजूनही हा प्रयोग वाचताना भारी वाटतं.

---

लेन्सवाला

मी ऑप्टिक्समध्ये काम करतो, त्यामुळे क्रिस्टोफ क्रेमर हे नाव मला आधी माहीत होतं आणि थॉमस हे नंतर कळलं, आमच्याकडे उलटं आहे. दोघा भावांनी १९७८ मध्ये एक पेपर लिहिला होता, लेझर स्कॅनिंग मायक्रोस्कोप कसा असावा, जास्त रिझोल्यूशन आणि डेप्थ कशी मिळवता येईल ह्यावर, त्यात सगळ्या बाजूंनी प्रकाश एका बिंदूवर आणायची कल्पना आहे. कॉन्फोकल मायक्रोस्कोप बाजारात यायच्या कितीतरी आधीची गोष्ट आहे ही. आणि तो पेपर कशासाठी तर न्यूक्लियसच्या आत बघायचंय म्हणून. क्रिस्टोफ पुढे हायडेलबर्गला आणि नंतर माइन्झला सुपर रिझोल्यूशनवर काम करत राहिले.

अजून एक भाऊ आहे, गेऑर्ग, तो अर्थशास्त्रज्ञ. पण ह्या गोष्टीत दोघंच.

लेझरबद्दल थोडं. आज आपण बटण दाबलं की यूव्ही लेझर चालू होतो त्यामुळे कळत नाही, पण सत्तरच्या दशकात २५७ नॅनोमीटर मिळवायला आर्गॉन लेझरचा प्रकाश क्रिस्टलमधून नेऊन त्याची फ्रिक्वेन्सी दुप्पट करायला लागायची, मग यूव्ही साध्या काचेतून जात नाही म्हणून क्वार्ट्झचं ऑप्टिक्स, मग ते सगळं फोकस करून पेशी जिवंत ठेवून मारायचं. डॉक्टर भावाच्या डोक्यात प्रश्न आणि फिजिक्सवाल्या भावाच्या हातात लेझर, हे जमून आलं म्हणून झालं. एकट्याच्याने झालं नसतं असं माझं स्पष्ट मत.

---

निळी_शाई

धागा चांगला आहे पण एक आक्षेप नोंदवते. विज्ञानाच्या गोष्टी सांगताना आपण एका माणसाची मूर्ती करतो. इन सिटू हायब्रिडायझेशन (पेशीत जागच्या जागी प्रोब चिकटवायचं तंत्र, फिशचं मूळ) १९६९ मध्ये जोसेफ गॉल आणि मेरी लू पार्ड्यू ह्यांनी काढलं. किरणोत्सार न वापरता बायोटिन लावलेला प्रोब १९८१ मध्ये डेव्हिड वॉर्डच्या लॅबमधून आला. आख्खा क्रोमोसोम रंगवायचं काम १९८८ मध्ये येलला पीटर लिष्टर, क्रेमर, वॉर्ड आणि लॉरा मॅन्युएलिडिस ह्यांनी केलं आणि त्याच वर्षी तिकडे कॅलिफोर्नियात लिव्हरमोरला डॅनियल पिंकेल आणि जो ग्रे ह्यांनीही केलं. मॅन्युएलिडिस ह्यांनी तर १९८५ मध्येच न्यूक्लियसमध्ये वेगळ्या हद्दी दाखवल्या होत्या. मग क्रेमरच का?

---

रानजाई

निळी_शाई, ही सगळी नावं दिलीत ते बरंच झालं, धाग्यात यायलाच हवी होती. १९८५ मध्ये मॅन्युएलिडिस ह्यांच्याबरोबरच हायडेलबर्गहून शार्डिन, क्रेमर वगैरेंचाही पेपर आहे, माणसाचा एखादाच क्रोमोसोम असलेल्या हॅमस्टरच्या संकरित पेशी घेऊन त्यात माणसाचा क्रोमोसोम वेगळा रंगवला आणि तो आपली जागा धरून बसलेला दिसला. तेव्हा प्रत्यक्ष डोळ्यांनी दिसलं. म्हणजे लेझरने जे म्हटलं ते खरं निघालं.

क्रेमरच का, तर माझं उत्तर असं की बाकीच्या बऱ्याच जणांसाठी रंगवायचं तंत्र हेच ध्येय होतं, कॅन्सरमध्ये तुटलेले क्रोमोसोम शोधायला, आणि ते ध्येय काही कमी मोलाचं नाही, आमची लॅब त्यावरच चालते. पण तंत्र हाती आल्यावर परत त्या जुन्या प्रश्नाकडे जाणारे कमी होते. हे गेले. आणि नंतरही तिथेच राहिले. २००५ मध्ये त्यांच्या गटाने पुरुषाच्या फायब्रोब्लास्ट पेशीत सगळेच्या सगळे ४६ क्रोमोसोम एकाच न्यूक्लियसमध्ये वेगवेगळ्या रंगांच्या मिश्रणाने ओळखून त्यांचा त्रिमितीय नकाशा दिला. १९७० च्या दशकात पडलेल्या प्रश्नाचं उत्तर २००५ मध्ये आख्ख्या चित्राने. मला त्या सातत्याबद्दल लिहायचं होतं.

आता रंगवायची अडचण काय होती तेही सांगते कारण आम्ही रोज तेच करतो. क्रोमोसोमचा प्रोब बनवला की त्यात सगळ्या क्रोमोसोमवर पुन्हापुन्हा येणारे तुकडे (अलू नावाचा तुकडा त्यातलाच) असतातच, मग प्रोब सगळ्याच क्रोमोसोमना चिकटतो आणि आख्खा न्यूक्लियस उजळतो, काही कळत नाही. त्यावर उपाय असा की रंग न लावलेला माणसाचा डीएनए भरपूर प्रमाणात आधी मिसळायचा, तो त्या पुन्हा येणाऱ्या जागा अडवून टाकतो, मग उरलेला प्रोब फक्त आपल्याच क्रोमोसोमवर बसतो. आमच्याकडे कॉट-वन डीएनए म्हणून त्याची छोटी ट्यूब येते. प्रोबचा थेंब स्लाइडवर, वर कव्हरस्लिप, कडेने रबर सिमेंटने सील करायचं, मशीनमध्ये आधी ७० च्या वर थोडा वेळ म्हणजे डीएनए उलगडतो, मग ३७ डिग्रीला रात्रभर. सकाळी चिमट्याने रबर सिमेंटची कड उचलली की पूर्ण पट्टी एकदम सुटून येते. मग गरम बफरमध्ये धुवायचं, डॅपी (डीएनए निळा दाखवणारा रंग) घालायचं आणि अंधाऱ्या खोलीत बसून निळ्या न्यूक्लियसमधले लाल हिरवे ठिपके मोजायचे. त्या अडवाअडवीच्या युक्तीचा पेपर १९८८ चा, लिष्टर-क्रेमर-वॉर्डचा.

---

स्मिता_डॉ

मी स्त्रीरोगतज्ज्ञ. टेस्टच्या दुसऱ्या टोकाला आम्ही असतो म्हणून लिहिते. गर्भजल काढल्यावर पेशी वाढवून पूर्ण कॅरिओटाइप (सगळ्या क्रोमोसोमची तपासणी) यायला दहा ते चौदा दिवस तरी जातात. तोवर त्या जोडप्याची काय अवस्था असते हे शब्दात सांगता येत नाही, फोन येत राहतात, रात्री झोप नसते. इंटरफेज फिशने १३, १८, २१, एक्स आणि वाय एवढ्यांचं एक दोन दिवसात कळतं, कारण पेशी वाढायची वाटच बघायला लागत नाही, आहे त्या पेशीत ठिपके मोजायचे. दोन ठिपके म्हटलं की समोरच्या बाईचा चेहरा बघावा. तीन असले तर ते सांगायचंही आम्हालाच असतं, पण निदान लवकर सांगता येतं आणि निर्णयाला वेळ मिळतो.

ह्याच्या मागे क्रोमोसोम कुठे राहतात असला शुद्ध कुतूहलाचा प्रश्न होता हे मला खरंच माहीत नव्हतं. धन्यवाद रानजाई.

---

म्युनिकवासी

मी इथे म्युनिकमध्ये पोस्टडॉक करतोय, विषय वेगळा आहे पण बायोलॉजीचीच बिल्डिंग मार्टिन्सरीडला असल्याने ह्या लोकांची नावं रोज ऐकतो. करिअर ह्या अंगाने लिहितो, धाग्याचा मुख्य मुद्दा तोच आहे असं मला वाटलं.

जर्मनीत डॉक्टरेटनंतर हॅबिलिटेशन नावाची अजून एक पायरी असते, ती झाली की शिकवायचा हक्क मिळतो, पण नोकरी मिळतेच असं नाही. प्रोफेसरची चेअर रिकामी व्हायला लागते, ती मिळेपर्यंत दुसऱ्याच्या इन्स्टिट्यूटमध्ये राहायचं. क्रेमर हायडेलबर्गला फ्रीडरिश फोगेल ह्यांच्या इन्स्टिट्यूटमध्ये होते. फोगेल हे ह्यूमन जेनेटिक्समधलं मोठं नाव, आणि त्यांनी ह्या माणसाला स्वतःच्या प्रश्नावर काम करू दिलं हे महत्त्वाचं आहे, वरिष्ठाने नुसती मोकळीक दिली तरी केवढं होतं. आता काय आहे की डॉक्टरेटच्या आधी ६ आणि नंतर ६ वर्षं एवढीच मुदतीची नोकरी कायद्याने धरतात, त्यात कायम जागा मिळाली नाही तर बहुतेकांना बाहेरचा रस्ता. त्यामुळे माझ्या वयाची मुलं दोन वर्षात पेपर निघेल असाच प्रश्न घेतात. १९७९ चा पेपर, मग कुणी फारसं मान्य करत नाही, मग १९८५ ला खरं ठरतं, मग २००५ ला नकाशा, असं करिअर आजच्या हिशेबात बसवून दाखवा मला कुणी.

आणि त्यांच्या लॅबमधल्या लोकांबद्दलही लिहायला हवं. इरिना सोलोवेई आणि बोरिस योफ्फे हे दोघं रशियातून आलेले, सोलोवेई बाईंचा थ्रीडी फिशमधला हात म्हणजे जगात नावाजलेला. रानजाई, तुमच्या स्लाइडवर मिथेनॉल आणि असेटिक ॲसिडने पेशी चपट्या होतात ना? ठिपके मोजायला ते ठीक, पण क्रोमोसोम आत होता का बाहेर हे त्यातून धड कळत नाही. ह्यांनी फॉर्माल्डिहाइडने पेशीचा आकार जपून, मग प्रोब आत शिरवून, कॉन्फोकलवर थरथर फोटो घेऊन करायची पद्धत बसवली. फार कटकटीचं काम आहे.

---

रानजाई

हो, आमच्याकडे चपट्याच. त्यामुळे आतलं बाहेरचं आम्हाला बघताच येत नाही आणि ह्याची मला नेहमी चुटपुट लागते, एवढे न्यूक्लियस डोळ्याखालून जातात.

---

शर्वरी२१

नमस्कार सगळ्यांना, मी एमएस्सी बायोटेक दुसऱ्या वर्षाला आहे. म्युनिकवासी ह्यांनी लिहिलेलं वाचून राहवलं नाही. मला न्यूक्लियसच्या रचनेवरच प्रोजेक्ट करायचा होता पण आमच्याकडे सांगितलं की ह्यात काही होणार नाही, सध्या जे चालतं त्यातलं घे, पेपर निघेल. मी घेतलं दुसरं. पण मन तिथेच आहे. भारतात हे काम करणारं कुणी आहे का, का बाहेरच जावं लागेल? आणि एक बेसिक प्रश्न, कुठला क्रोमोसोम कुठे राहतो हे ठरलेलं असतं का?

---

पाषाणकर

शर्वरी, बाहेर जायची गरज नाही, आपल्या पुण्यातच आहे. आयसर ह्या विज्ञान संस्थेत कुंदन सेनगुप्ता ह्यांची क्रोमोसोम बायोलॉजीची लॅब. ते अमेरिकेत एनआयएच ह्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेत थॉमस रीड ह्यांच्याकडे होते, आणि हे रीड आधी हायडेलबर्गला, मग येलला वॉर्डच्या लॅबमध्ये. म्हणजे ज्या घराण्याची गोष्ट वर चालली आहे त्याचीच एक शाखा पाषाणला आलेली आहे. सेनगुप्ता ह्यांचा २००७ चा पेपर शोधून वाच, आतड्याच्या कॅन्सरच्या पेशीत बाहेरून एक जादा क्रोमोसोम घातला तर तो जाऊन बसतो कुठे? तर त्या नंबरच्या क्रोमोसोमची जी नेहमीची जागा असते तिथेच. मला हे फार विलक्षण वाटतं, नवखा आला आणि त्याला जागा सांगावी लागली नाही.

शिवाय संजीव गलांडे, आधी पुण्यातल्याच एनसीसीएस ह्या पेशीविज्ञान संस्थेत आणि मग आयसरला होते, सॅटबी-वन नावाच्या प्रोटीनवर त्यांचं मोठं काम, ते प्रोटीन टी सेलच्या न्यूक्लियसमध्ये डीएनएचे वेढे धरून ठेवतं आणि त्यावरून कुठले जीन चालू कुठले बंद हे ठरतं. २०१० चा भटनागर पुरस्कार त्यांना मिळालाय. हैदराबादला सीसीएमबी ह्या संशोधन संस्थेत वीणा परनाईक ह्यांनी लॅमिनवर वर्षानुवर्षं काम केलं, लॅमिन म्हणजे न्यूक्लियसच्या आतल्या बाजूचं अस्तर. तेव्हा काही होणार नाही असं जे सांगतात त्यांचं ऐकू नकोस. समर प्रोजेक्टसाठी मेल टाक, पेपर वाचून टाक, नुसता सीव्ही पाठवू नकोस.

---

रानजाई

पाषाणकर, धन्यवाद, अगदी हेच हवं होतं.

शर्वरी, तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं. अगदी पत्ता लिहून दिल्यासारखं ठरलेलं नसतं, एका पेशीतला शेजारी दुसऱ्या पेशीत तोच असेल असं नाही. पण आत का बाहेर हे बरंच ठरलेलं असतं. ह्यातला सगळ्यात गाजलेला पेपर क्रेमर ह्यांचा नाही, एडिंबरोच्या वेंडी बिकमोर ह्यांच्या लॅबचा आहे, १९९९ चा. त्यांनी १८ आणि १९ नंबर निवडले. दोघं लांबीला तसे जवळपासचे, पण १९ वर जीनची खच्चून गर्दी आणि १८ वर अगदी तुरळक. रंगवून बघितलं तर १८ न्यूक्लियसच्या काठाला आणि १९ मध्यभागी. नंतर २००२ मध्ये क्रेमर ह्यांच्या गटाने माकडं आणि एप्सच्या पेशी घेऊन बघितलं तर तिथेही माणसाच्या १८ आणि १९ शी जुळणारे भाग तसेच, एक बाहेर एक आत. त्यांचे वंश वेगळे होऊन कोट्यवधी वर्षं झाली, मधल्या काळात क्रोमोसोमची मोडतोड, जोडाजोड झाली, तरी ही मांडणी टिकली. तेव्हा काहीतरी कारण असणार.

---

भालचंद्र_सांगली

वाचतोय सगळं, रात्री जेवणानंतर परत सुरुवातीपासून वाचलं. आता पुढचा प्रश्न. जागा बदलली तर बिघडतं काय? म्हणजे हा नुसता नीटनेटकेपणा आहे का पेशीला त्याचा उपयोग होतो?

---

म्युनिकवासी

काका, ह्यावर भांडणं आहेत अजून. पण एक उदाहरण सांगतो जे ह्याच लॅबमधून २००९ मध्ये आलं, सोलोवेई, योफ्फे, क्रेमर आणि फिजिक्सकडून योखेन गुक.

बहुतेक पेशीत बंद ठेवलेला, घट्ट डीएनए न्यूक्लियसच्या काठाला असतो आणि चालू असलेला आतल्या बाजूला. पण उंदराच्या डोळ्यातल्या रॉड पेशी बघितल्या, म्हणजे अंधारात बघायला लागतात त्या, तर तिथे सगळं उलटं. घट्ट डीएनए मधोमध एका गोळ्यात आणि चालू असलेला काठाला. जन्माच्या वेळी उंदराच्या ह्या पेशी इतरांसारख्याच असतात, पुढच्या काही आठवड्यांत हळूहळू आतलं बाहेर होतं. मग त्यांनी बऱ्याच सस्तन प्राण्यांचे डोळे तपासले. निशाचर प्राण्यांत उलटी मांडणी, आणि खारीसारख्या दिवसा फिरणाऱ्यांत नेहमीची सरळ.

कारण काय, तर सस्तन प्राण्यात प्रकाश रॉडच्या टोकाला पोचायच्या आधी ह्या न्यूक्लियसच्या थरातून जातो, निशाचरांत हा थर फार जाड असतो. मधोमध घट्ट गोळा असलेला न्यूक्लियस छोट्या भिंगासारखा प्रकाश पुढे ढकलतो, विखुरू देत नाही. म्हणजे डीएनए फक्त माहिती साठवायला नाही, त्याची नुसती मांडणी प्रकाशासाठी वापरली गेली. हे वाचलं तेव्हा मी दोन दिवस भेटेल त्याला हेच सांगत होतो.

---

लेन्सवाला

गुक ह्यांनी एकेका न्यूक्लियसमधून प्रकाश कसा जातो ते मोजलंय त्यात, नुसता तर्क नाही. आमच्याकडे हा पेपर आवडीने शिकवतात.

---

निळी_शाई

उंदराच्या डोळ्याचं माहीत नव्हतं, मस्तच. माझा आक्षेप मी थोडा मऊ करते पण पूर्ण मागे घेत नाही, गंमत नाही, मनापासून सांगते. अजून एक बाजू यायला हवी. हद्दी असतात हे आता सगळे मानतात, पण त्या हद्दींच्या सीमेवर काय होतं ह्यावर क्रेमर आणि इतरांचं जमलं नाही. क्रेमर ह्यांचं म्हणणं की दोन हद्दींच्या मधून आणि आतूनही वाटा असतात, रिकाम्या जागांचं जाळं, त्यातून प्रोटीन आणि आरएनए ये-जा करतात. २००६ मध्ये ब्रँको आणि पॉम्बो ह्यांनी फार पातळ काप करून दाखवलं की शेजारचे क्रोमोसोम सीमेवर बऱ्यापैकी एकमेकांत मिसळतात. मग त्या रिकाम्या वाटा कितपत? हा वाद वर्षानुवर्षं चालला.

---

रानजाई

बरोबर, आणि ह्या वादात क्रेमर ह्यांनी माघार घेतली नाही, नंतर सुपर रिझोल्यूशनने त्या वाटा दाखवायचा प्रयत्न केला आणि निवृत्तीचं वय उलटल्यावरही त्यावर लांबलचक पेपर लिहीत राहिले. मला स्वतःला वाटतं दोन्हीत तथ्य आहे, सीमेवर मिसळणं आहे आणि वाटाही आहेत, पण मी मोजणारी आहे, ह्यावर निवाडा देणारी नाही.

एक मात्र, हद्दीच्या मूळ मुद्द्यावर २००९ मध्ये अगदी वेगळ्या रस्त्याने शिक्का बसला. हाय-सी नावाचं तंत्र आलं, लीबरमन-एडन आणि योब डेकर वगैरे. त्यात मायक्रोस्कोप लागतच नाही, डीएनएचा कुठला तुकडा कुठल्या तुकड्याच्या जवळ होता हे रसायनाने चिकटवून आणि सिक्वेन्स करून कळतं. त्यातही एकाच क्रोमोसोमचे तुकडे एकमेकांना जास्त भेटतात, अगदी लांबचे असले तरी, आणि दुसऱ्या क्रोमोसोमचे कमी. बोव्हेरीने शंभर वर्षांपूर्वी जंताच्या भ्रूणात बघून जे म्हटलं तेच.

क्रेमर बंधूंनी २००६ मध्ये ह्या सगळ्याचा इतिहास दोन भागांत लिहिलाय, कल्पना वर कशी आली, पडली कशी आणि परत उठली कशी. त्यात राब्ल आणि बोव्हेरीला जेवढी जागा दिली आहे ती बघून मला त्यांच्याबद्दल आदर वाढला.

---

शर्वरी२१

मी सेनगुप्ता सरांचा २००७ चा पेपर उघडलाय, मोफत आहे सगळ्यांना. निम्मा कळला. मेल लिहायला घेतेय. रानजाई ताई, एक शेवटचं, १८ काठाला का जातो, त्याला तिथे धरून कोण ठेवतं?

---

रानजाई

छान प्रश्न, आणि मेलमध्ये हाच प्रश्न लिही.

पाषाणकरांनी अस्तर म्हटलं ना, ते लॅमिन. सोलोवेई बाईंच्या गटाने २०१३ मध्ये दाखवलं की घट्ट डीएनएला काठाला बांधून ठेवणाऱ्या दोन दोऱ्या आहेत, एक लॅमिन बी रिसेप्टर नावाचं प्रोटीन आणि दुसरी लॅमिन ए/सी. वाढत्या पेशीत आधी पहिली असते, मग दुसरी. उंदराच्या रॉड पेशीत दोन्ही नसतात, म्हणून घट्ट डीएनए काठ सोडून मध्ये गोळा होतो. दोन्ही नसलेले उंदीर तयार केले तर इतर पेशींतही मांडणी उलटी होते. आणि लॅमिन ए चा जीन बिघडला तर माणसात प्रोजेरियासारखे आजार होतात, लहान मुलं झपाट्याने म्हातारी दिसायला लागतात, ते २००३ मध्ये कळलं.

पण जीन तुरळक असलेला क्रोमोसोमच तिथे का जातो, जीन बंद असतात म्हणून काठाला जातो का काठाला गेला म्हणून बंद होतात, ह्याची उत्तरं एकेका जीनसाठी वेगवेगळी निघतायत. बिकमोर ह्यांच्याच लॅबने एक भाग मुद्दाम काठाला नेऊन बांधून बघितला, तर काही जीन मंदावले आणि काहींना काही फरक पडला नाही. ह्यावर तुला पाच वर्षं सहज काम करता येईल.

मेल पाठवलीस की इथे सांग. स्लाइड कशी करतात ते प्रत्यक्ष बघायचं असेल तर मला मेसेज कर, आमच्याकडे परवानगी काढून तुला एक दिवस बसवते.

---

पाषाणकर

आणि शर्वरी, मेलला उत्तर आलं नाही तर आठवड्याने परत टाक. सगळ्यांच्याच इनबॉक्समध्ये ढीग असतो, राग मानायचा नाही.